गोवर्धनचा वर्म गेअर

गोवर्धन गेल्याची बातमी ज्योतीनं फोनवर दिली. ज्योती त्याची एकुलती एक मुलगी, नांदेडला इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीत घरी वसमतला आलेली. "सर, पप्पा गेले. दुकान उघडलं, बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या अन् तिथंच खाली बसले..." मी "येतो" म्हणालो आणि फोन ठेवला. अशा वेळी माणसाला काय वाटायला हवं ते मला ठाऊक आहे. इतकी वर्षं शोकसभांतून मी ते ऐकत आणि बोलत आलो आहे. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पहिल्यांदा दुःख झालं नाही. पहिल्यांदा वाटलं ते असं की, चला, आता हे कुणालाच कळणार नाही. दुःख नंतर आलं, चपला घालताना, आणि त्याच्याबरोबर स्वतःची अशी किळस आली की मी दाराशीच थोडा वेळ बसून राहिलो.

गोवर्धनचा डावा पाय कशानं अधू झाला, ही गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे. स्वतःच बनवलेल्या बॅटरीच्या मशीनखाली तो आला, त्याला त्याची अतिहुशारी नडली, असं ती गोष्ट सांगते. ती खोटी आहे. नडली ती माझी हुशारी. हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं आणि आता एकट्या मला ठाऊक आहे. मित्रावर लिहिताना लोक त्याचे गुण सांगतात. मीही सांगणार आहे, पण हे आधी लिहून ठेवतो, नाहीतर मधेच कुठंतरी माझा धीर सुटायचा आणि मी गुणांवरच थांबायचो.

आमची ओळख नव्वदीच्या सुरुवातीची. मी तेव्हा एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो, तेही तात्पुरत्या नेमणुकीवर. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला धाकधूक. आमच्या बुद्धवाड्यातून कॉलेजात फळ्यापुढं उभा राहिलेला मी पहिलाच, त्यामुळं घरच्यांपेक्षा वाड्यालाच माझ्या नोकरीची जास्त काळजी. प्रयोगशाळेतली जुनी बॅटरी बंद पडली म्हणून मी ती सायकलला बांधून नांदेड रोडवरच्या एका खोलीवजा दुकानात नेली. अ‍ॅसिडनं भोकं पडलेली पँट घातलेला एक माणूस बाहेर आला. त्यानं झाकणं उघडली, आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "सर, ही मेली न्हाई. तहानलेली हाय." मी फिजिक्सचा माणूस, आणि बॅटरीत पाणी घालायचं राहून गेलं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो मला हसला नाही, त्यानं कुणाला सांगितलं नाही, पाणी घालून बॅटरी चार्जिंगला लावली. आता लिहिताना जाणवतं की आमचं सगळं पुढचं तिथंच ठरून गेलं होतं.

तो कळमनुरीकडच्या एका तांड्यावरचा. दहावी नापास झाल्यावर नांदेडला एका बॅटरीवाल्याकडं राहिला आणि तिथंच काम शिकला. बॅटरी खोलायची, कुजलेल्या प्लेटा काढायच्या, नव्या बसवायच्या, डांबर ओतून बंद करायची. अ‍ॅसिडची ताकद मोजणारा हायड्रोमीटर त्याच्याकडं होता, पण हात लावून गरम किती झाली आणि वास कसा येतोय यावरच तो निम्मं ओळखायचा. ट्रकच्या बॅटरीची प्लेट पातळ असते, ती एका दमात जोर देते आणि मोकळी होते; तिला सावकाश तासभर राबवायचं म्हटलं तर ती लवकर मान टाकते, हे मला त्यानं शिकवलं. "ट्रकच्या बॅटरीतलं अर्धंच आपलं समजायचं सर. बाकीचं तिचं तिला राहू द्यायचं," असं तो म्हणायचा. मी हे ऐकून घ्यायचो आणि मनात म्हणायचो, याला पुस्तकात आधार काय?

मग ते मशीन आलं. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना मैदानाचा भारी षोक. हैदराबादेत एका लिलावात त्यांनी वर बसून चालवायचं गवत कापण्याचं मशीन घेतलं, पेट्रोलचं, विलायती. दोन महिन्यांत त्याचं इंजिन बसलं. सुटे भाग नांदेडला मिळेनात, हैदराबादला मिळेनात. अध्यक्ष येता-जाता त्या मशीनकडं पाहून चिडायचे. मी एकदा सहज गोवर्धनला ते दाखवायला नेलं. त्यानं खाली झोपून सगळं पाहिलं, कपडे झटकत उठला आणि म्हणाला, "इंजिन काढून टाकू. मोटर बसवू." भंगारात त्याला कारखान्यात माल वाहणाऱ्या, बॅटरीवरच्या एका ट्रॉलीच्या दोन मोटरी मिळालेल्या होत्या, त्या कशासाठी जपून ठेवल्यात हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आता ते कळलं म्हणून त्याचा चेहरा असा उजळला होता की मीच अध्यक्षांकडं जाऊन शब्द टाकला.

पुढचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. रोज चार वाजता कॉलेज सुटलं की मी त्याच्या दुकानात. त्यानं दोन मोटरी वेगळ्या ठेवल्या, एक चाकाला आणि एक पात्याला. मी म्हणालो एकीवर भागेल, पट्टा लावू. "गवतात पातं अडकलं तर चाकानं काहून थांबावं, सर?" असं त्यानं विचारलं, आणि मी पट्ट्याचं नाव सोडलं, कारण ते बरोबर होतं. चार ट्रकच्या बॅटऱ्या त्यानं सीटखाली आणि सीटमागं अशा वाटून बसवल्या, वजन एका बाजूला जायला नको म्हणून. आणि मागच्या चाकाच्या मोटरीला त्यानं वर्म गेअर लावला. वर्म गेअर म्हणजे मोठ्या स्क्रूसारखा आटे असलेला एक दांडा. तो फिरला की त्याला लागलेलं दातेरी चाक फिरतं. त्याचं वैशिष्ट्य असं की दांड्यानं चाक फिरतं, पण चाकानं दांडा फिरत नाही. म्हणजे करंट गेला, मोटर बंद पडली, तरी मशीन उतारावर जागच्या जागी उभं राहतं. जमुनावहिनी, म्हणजे त्याची बायको, ज्योतीला कडेवर घेऊन चहा आणायच्या आणि आमची वादावादी ऐकत उभ्या राहायच्या. त्यांना वाटायचं आम्ही भांडतोय.

वर्म गेअर करंट फार खातो. आट्यावर दाते घासून घासून त्यातला बराचसा जोर नुसता तापण्यात जातो. मी लॅबमधला अ‍ॅमीटर आणून लावला तेव्हा सपाट जमिनीवरसुद्धा काटा साठ अँपिअरच्या पुढं गेला. मैदान पुरं कापायला दीड तास लागणार आणि गोवर्धनच्या अर्ध्याच्या नियमानं मशीन पाऊण तासात दमणार. अध्यक्षांनी तर एका चार्जिंगमध्ये सगळं मैदान झालं पाहिजे असं बजावलं होतं, आणि त्यांच्यापुढं मीच मान हलवून आलो होतो. मी कागद घेऊन बसलो. वर्मच्या जागी साधी चेन घातली तर करंट चाळिसाच्या आत येत होता. बॅटरीतल्या एकूण करंटला त्यानं भागलं की दोन तास मिळत होते. अर्धंच आपलं, हा गोवर्धनचा नियम मी हिशोबात धरलाच नाही. कागद त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो बराच वेळ पाहिला, मग मैदानाच्या टोकाला स्टेजकडं जाणारा मातीचा चढ होता तिकडं बोट केलं. "अन् तिथं कोन धरंल, सर?"

"ब्रेक आहे की," मी म्हणालो.

ब्रेक होता, एका जुन्या मोपेडचा. चार बॅटऱ्या, दोन मोटरी आणि वर बसलेला माणूस एवढं वजन चढावर त्या ब्रेकनं पेलायचं होतं. उतरणीवर ठेवलेला ठोकळा किती जोरानं खाली ओढला जातो, हे गणित मी अकरावीच्या पोरांना दरवर्षी फळ्यावर करून दाखवतो. त्या कागदावर मी ते केलं नाही. केलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. का नाही केलं? सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. त्यानं बोट दाखवल्यावर सुचलंच होतं. पण गणित उलटं आलं असतं तर अध्यक्षांकडं जाऊन शब्द मागं घ्यावा लागला असता, आणि पुढच्याच महिन्यात माझ्या कायम नेमणुकीची मुलाखत होती. गोवर्धननं एकदाच विचारलं. मग म्हणाला, "तुमी म्हंता तर बराबरच असंल," आणि पाना घेऊन वर्म गेअर सोडवायला बसला. आपल्या हाताला कळत होतं ते त्यानं माझ्या कागदासाठी बाजूला ठेवलं.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी सकाळी अध्यक्षांनी मशीनला हार घातला, नारळ फोडला आणि गोवर्धन वर बसला. इंजिनचा आवाज नाही, धूर नाही. पोरं टाळ्या वाजवत मागं धावत होती. तासभर ते नुसतं सुरीसारखं चाललं, आणि मी पाहुण्यांना समजावून सांगत होतो, जणू सगळं मीच केलंय. मग मोटरीची घरघर जरा खाली आल्यासारखी वाटली. गोवर्धननं माझ्याकडं पाहिलं. बॅटऱ्या बसत आल्यात हे त्याला कळलं होतं, पण स्टेजजवळची शेवटची पट्टी राहिली होती आणि अध्यक्ष तिथंच उभे होते. मी हातानं 'चल, चल' अशी खूण केली. तो चढावर गेला. निम्म्यात करंट तुटला आणि मशीन मागं यायला लागलं. ब्रेकचा कर्र असा आवाज आला आणि मग तोही थांबला. खाली लेझीमच्या मुली ओळीनं बसलेल्या. तो उडी मारून सुटू शकला असता. त्यानं बसूनच हँडल वळवलं आणि मशीन पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर नेऊन घातलं. भिंत आणि मशीन यांच्यामधे त्याचा डावा पाय होता.

माणसं धावली, मशीन उचललं, त्याला बाजूला निजवलं. अध्यक्ष आले. त्यांना पायापेक्षा पाहुण्यांचं जास्त पडलेलं. मोकळी लोंबणारी चेन त्यांनी बुटानं हलवली आणि विचारलं, "हे चेनचं डोकं कुणाचं?" मी तिथंच होतो, एका हाताच्या अंतरावर. मी तोंड उघडलं होतं, निदान तसं मला आठवतं... पण गोवर्धन आधी बोलला. त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला, तरी तो स्पष्ट बोलला. "माझं, साहेब. सरांनी नको म्हणलं होतं. म्याच ऐकलं न्हाई." अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. ती मान त्यांनी होकार म्हणून घेतली असणार, आणि मी त्यांना तशी घेऊ दिली.

पुढच्या महिन्यात मुलाखत झाली आणि मी कायम झालो. वाड्यात पेढे वाटले, आई विहारात जाऊन मेणबत्ती लावून आली. गोवर्धनचा पाय तेव्हा प्लास्टरात होता. मी पेढे घेऊन गेलो. त्यानं एक तोंडात टाकला आणि म्हणाला, "झालं ना आता बराबर?" मी त्याला विचारू शकलो असतो की, तू असं का बोललास. विचारलं नाही. त्यानंही तो विषय काढला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढं कधीच नाही. पाय सांधला गेला, पण वाकायचा नाही. चालताना तो बाजूनं गोल फिरवून पुढं टाकायचा, आणि दुकानाच्या दोन पायऱ्या चढायला त्याला दाराची चौकट धरावी लागायची.

कुणाला वाटेल, पाय गेला तेवढंच त्याचं नुकसान झालं. खरं नुकसान पुढं झालं. वर्षभरानं त्यानं तसंच दुसरं मशीन बांधलं, यावेळी माझ्याशिवाय. वर्म गेअर परत आणला, बॅटऱ्यांत जाड प्लेटा बसवल्या, आणि करंट कमी झाला की पात्याची मोटर आधी बंद व्हावी, चाकाची शेवटी, अशी सोय केली. कापणं थांबलं तरी माणूस घरी आला पाहिजे, असा त्याचा हिशोब. मी आजवर कुणाही इंजिनिअरच्या डोक्यातून याहून शहाणी गोष्ट आलेली पाहिलेली नाही. ते मशीन घेऊन तो हट्टा गावच्या शाळेत गेला, आणखी दोन-तीन शाळांत गेला. कळमनुरीच्या एका शाळेत मी बरोबर होतो. मुख्याध्यापकांनी मशीन पाहिलं, त्याचा पाय पाहिला आणि हसत म्हणाले, "म्हणजे ज्यानं तुमचा पाय मोडला ते हेच का?" गोवर्धन माझ्याकडं न पाहता म्हणाला, "न्हाई साहेब, हे येगळं हाय." मी शेजारी बसून चहा पीत होतो. एक वाक्य बोलायचं होतं, चूक माझ्या हिशोबाची होती, ह्या माणसाची नव्हती, एवढंच. चहा संपेपर्यंत मी ते बोललो नाही. परत येताना टेम्पोत तो मला उन्हाळी भुईमुगाबद्दल काहीबाही सांगत राहिला. त्यानंतर ते मशीन कुठं गेलं नाही.

ज्योती बारावीला माझ्याच वर्गात होती. बापाचे हात आणि बापाचे प्रश्न घेऊन आलेली पोरगी. एकदा तास संपल्यावर थांबली. "सर, पप्पांनी तवा वर्म गेअर काहून काढला असंल? त्यायला तर म्हाईत होतं की." घरी विचारलं तर ते हसतात, म्हणाली. मी खडूचे हात झटकले आणि म्हणालो, "चुका होतात, बेटा. मोठ्या माणसांच्याही होतात." तिनं मान हलवली आणि निघून गेली. गोवर्धनच्या सगळ्या आयुष्यात त्याला ज्या एका माणसापुढं मान वर करून उभं राहायचं होतं, तिच्या मनात मी त्याला चुकीचा ठरवून ठेवला. पायाबद्दल मला वाईट वाटतं. ह्याबद्दल मात्र मला माफी नाही.

तेराव्या दिवशी दुकानापुढं लोक जमले. गोवर्धनला ओळखणारे ट्रॅक्टरवाले, ट्रकवाले, शेजारचे दुकानदार. मारोतराव म्हणून एक जुने ट्रॅक्टरवाले आहेत, दुकानापुढच्या बाकावर रोज बसणारे. ते भल्या मनाचे आहेत, पण मशीनची गोष्ट त्यांनी त्याही दिवशी सांगितली, अतिहुशारीसकट, आणि लोक डोळे पुसता पुसता हसले. ज्योती मागं आईजवळ बसली होती. ती हसली नाही. मग मला बोलायला सांगितलं. मी 'हरहुन्नरी' म्हणालो, 'दिलदार' म्हणालो, 'गरिबीतून वर आलेला' म्हणालो आणि खाली बसलो. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना इतकं ते गुळगुळीत झालं होतं.

हा लेख लिहायला घेतला तो त्यानंतर. छापायला देण्याआधी परवा त्याच्या घरी गेलो आणि दोघींपुढं वाचून दाखवला. वाचून झालं तेव्हा वहिनी भिंतीकडं पाहत होत्या. म्हणाल्या, "हे त्यायला सांगायचं होतं, सर. मला काहून सांगून राहिले?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. ज्योतीनं माझ्या हातातला कागद घेतला, वर्म गेअरचा भाग पुन्हा एकदा स्वतःशी वाचला.

"म्हंजे पप्पांचं बराबर होतं," ती म्हणाली.

मी होय म्हणालो. तिनं डोळे पुसले, कागदाची घडी घातली आणि परत दिली. म्हणाली, "पेपरात छापा, छापू नका, तुमची मर्जी. पर दुकानापुढं बसणारे पेपर वाचत न्हाईत. ते ती गोष्ट जिथं सांगतेत, तिथंच सांगा."

आज सकाळी गेलो. दुकान आता ज्योती उघडते, निकाल लागेपर्यंत तरी. आत भिंतीशी सात-आठ बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या, त्यांतून बारीक बुडबुड्यांचा आवाज येत होता. ती एकेकीचं झाकण उघडून, वाकून आत पाहत पुढं सरकत होती, अगदी तसंच वाकून. टेबलामागं त्याची खुर्ची आहे, पाय लांब करता यावा म्हणून एका बाजूचा हात कापून काढलेली. बाहेर बाकावर मारोतराव होते आणि आणखी चार-पाच जण. त्यांनी सरकून मला जागा केली. मी बसलो नाही. म्हणालो, "मारोतराव, त्या मशीनवर चेन मी बसवायला लावली होती. गोवर्धन नको म्हणत होता."

ज्योतीनं आत हातातलं झाकण तसंच धरून ठेवलं होतं. मारोतरावांनी माझ्याकडं पाहिलं, मग आत त्या खुर्चीकडं पाहिलं.

"मग तवा काहून न्हाई बोलले, सर?"

"नोकरी होती," मी म्हणालो.